दस्तीचा रंग

पहिलं भांडण हातमोज्यांवरून झालं. लातूरमधल्या एका हॉटेलचा वरचा हॉल, एसी इतका की मी पदर अंगाभोवती घट्ट घेतलेला, आणि समोर टेबलावर माझ्या नायकाचं रंगवलेलं चित्र. वेशभूषा करणाऱ्या बाई सिनेमासाठी मुंबईहून आल्या होत्या. चित्रातल्या नायकाच्या हातांत काळे चामडी मोजे होते आणि बोटांवर लोखंडी टिकल्या.

मी विचारलं, "हे घालून हा विजेच्या खांबावर चढणार?"

"लूक छान येतो, मॅडम."

"लूक येईल, पण माणूस जाईल. वायरमनचे मोजे रबराचे असतात. जाड, कोपरापर्यंत. आणि या टिकल्या कशाला, वीज अंगावर बोलवायला?"

तासभर चाललं. शेवटी मी पिशवीतून वडिलांचे जुने मोजे काढून टेबलावर ठेवले. बाईंनी ते दोन बोटांनी उचलले, उलटेपालटे केले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. सिनेमात बघा, नायकाचे मोजे रबराचेच आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला भांडता येत नाही असं कुणाला वाटायला नको.

त्या चित्रात सगळं रंगवलं होतं, फक्त नायकाच्या तोंडावर बांधलेली दस्ती कोरी सोडली होती. तिचा रंग त्या दिवशी ठरायचा होता. माझं सगळं दुखणं त्या हातभर कापडाचं आहे.

मी अहमदपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पंधरा-सोळा वर्षं लातूरच्या एका साप्ताहिकात शेवटच्या पानावर मी एक चित्रकथा काढायचे. तिचं नाव 'खांबवाला'. एक वायरमन अकरा केव्हीच्या तारेला चिकटतो, मरत नाही, आणि वीज त्याच्या अंगातच राहते. मग त्याने हात लावला की बंद पडलेली मोटर चालू होते. डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं, ऑईल चोरणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला की त्याचे केस उभे राहतात. एकच अडचण. भारनियमनाच्या वेळेत त्याच्याही अंगातली वीज जाते. तेव्हा तो तुमच्या-आमच्यासारखा घामाघूम होऊन बसून राहतो आणि चोरांना वेळापत्रक पाठ असतं. वाचकांना हे फार आवडायचं. तोंडावर त्याच्या कायम दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा रुमाल. खांद्यावर टाकायचा, घाम पुसायचा, धूळ आली की नाकाला बांधायचा. मुंबईत मुखवटे शिवून घ्यावे लागतात, आमचे खांद्यावरच असतात.

खांबवाला म्हणजे माझे वडील. हे मी कुठेही छापलं नाही. पण पहिला अंक घरी नेला तेव्हा वडिलांनी चष्मा लावून पान बघितलं, पाय कसा टेकवलाय ते बघितलं आणि म्हणाले, "हा तर मीच हाय की." ते मुखेड तालुक्यात वायरमन होते. खांबावर चढताना दस्ती नाकातोंडाला बांधायचे, कारण वर गांधीलमाश्या असतात आणि खाली माती उडते. त्यांची दस्ती निळी. एक फाटली की दुसरी, पण निळीच. आमचं घर बौद्ध, आजोबांपासून. निळा का, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लाईट गेली की माणसं दारात येऊन "साहेब, साहेब" करायची. मोटारसायकलवर बसवून न्यायची. लाईट आली आणि वडील खांबावरून उतरले की त्यातल्याच काही घरांतून प्यायचं पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. लहानपणी एकदोनदा मी बरोबर होते, मी ते पाहिलंय. वडील परत येताना हसून म्हणायचे, "खांबावर अस्तो तवर लई मान अस्तो आपल्याला." मला कधी त्याचं हसू आलं नाही. माझा नायक शेवटच्या चौकटीत कधीच खाली उतरत नाही, खांबावरच बसलेला असतो, ते त्यातूनच आलं असावं.

साप्ताहिक एका रंगात छापायचं. काळी शाई, पिवळट कागद. त्यामुळे दस्तीवर मी नुसत्या चौकटी काढायचे. रंगाचा प्रश्नच यायचा नाही.

तो एकदाच आला. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ रंगीत होणार होतं आणि संपादकांनी ते मला दिलं. मी आठवडाभर बसून रंगवलं. संध्याकाळचं नारिंगी आभाळ, काळा खांब आणि त्यावर निळी दस्ती. तो निळा जमायला मला चार वेळा रंग मिसळावा लागला होता. संपादक म्हणजे रिटायर्ड मास्तर, शहरातले, सभ्य, माझ्यावर माया करणारे. लातूरला गेले की त्यांच्याकडे जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत, आणि ताट माझ्यापुढे स्वतः ठेवायचे. त्यांनी चित्र हातात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाई, चित्र अप्रतिम आहे. पण हा निळा... उगाच लोक अर्थ काढतील. सगळ्यांचा आहे ना तो? सगळ्यांचाच राहू द्या की."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "बरं सर." मुखपृष्ठ काळ्या-पांढऱ्यात छापलं, आभाळ तेवढं नारिंगी. लोकांनी फोन करून कौतुक केलं. मी वडिलांना ते मूळ चित्र दाखवलं नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे, ड्रॉइंग पेपरच्या गठ्ठ्याखाली.

त्या "सगळ्यांचा"वर मी किती वर्षं चरफडत होते! नारिंगी आभाळाचे अर्थ कुणी काढले नाहीत. सगळ्यांचा म्हणजे नेमका कुणाचा, हे मी बसमध्ये, भाकरी थापताना, वर्गात पट्टी आपटताना मनातल्या मनात संपादकांना शंभर वेळा विचारलं. तोंडाने एकदाही विचारलं नाही.

शाळेत मात्र मजा व्हायची. पोरं साप्ताहिकातलं पान रंगवून आणायची. कुणाची दस्ती भगवी, कुणाची हिरवी, कुणाची गुलाबी, कुणाची निळी. एकीने तर फुलाफुलांची केली होती. मी सगळ्यांना "छान" असा शेरा द्यायचे आणि निळीवाल्याच्या कागदाकडे जरा जास्त वेळ बघायचे. पुढे संपादक थकले, साप्ताहिक बंद पडलं आणि खांबवालाही थांबला. वाटलं, संपलं.

मग दोनेक वर्षांपूर्वी दिग्दर्शक आला. तिशीतला, लातूरचा, आईवडील दोघेही शिक्षक. पुण्याला सिनेमा शिकून आलेला. शाळेत येऊन थेट माझ्या पाया पडला आणि बॅगेतून एक वही काढली. लहानपणापासूनची सगळी पानं कापून डिंकाने चिकटवलेली. प्रत्येक पान रंगवलेलं. त्याच्या वहीत दस्ती कधी पिवळी, कधी तपकिरी. "जो खडू उरेल तो वापरायचो, मॅडम," तो म्हणाला. मला त्याचा राग यायला हवा होता की काय माहीत नाही, पण माझे डोळे भरून आले. पंधरा-सोळा वर्षांत इतकं मन लावून कुणी माझं काम जपलं नव्हतं, मी सुद्धा नाही. त्याला यावर मोठ्या पडद्याचा सिनेमा करायचा होता. निर्माताही मिळाला होता, लातूरचाच, डाळमिलवाला.

त्या रविवारी नांदेडला गेले. वडील रिटायर झाल्यापासून माझ्या भावाकडे असतात. सिनेमाचं सांगितलं तर ते खाटेवर ताठ बसले.

"रंगीत हाय का शिनेमा?"

"आता सगळे रंगीतच असतात, बाबा."

"मंग दस्ती निळीच असंल ना?"

"हाव," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! जणू रंगाचा डबा माझ्या हातात होता. वडिलांनी शेजारच्यांना सांगितलं, भावाच्या पोरांना सांगितलं, जुन्या सोबतच्या वायरमनना फोन करून सांगितलं. आपली दस्ती शिनेमात येऊन राहिली म्हणून.

मग मीटिंगा सुरू झाल्या. सकाळची शाळा सुटली की अहमदपूरहून लातूरची एसटी पकडायची, चाकूरला टपरीवरचा चहा खिडकीतून घ्यायचा, आणि लातूरला जाऊन भांडायचं. एका बैठकीत भारनियमन उडालं. पटकथा लिहिणारा म्हणाला, "सुपरहिरोची लाईट जाते हे प्रेक्षकांना पटणार नाही." मी म्हटलं, "इथल्या प्रेक्षकाला दुसरं काहीच पटणार नाही." पालथ्या घड्यावर पाणी. डीपीतलं ऑईल चोरणारे गेले आणि त्यांच्या जागी उपग्रहातून वीज पळवणारा एक शास्त्रज्ञ आला. कुठल्याशा बेटावर राहणारा, सूट घालणारा. मी विचारलं, हा मुखेडला कशाला येईल? ते म्हणाले, तिथे एक विशेष खनिज सापडतं. मुखेडला मी बारा वर्षं काढली आहेत. दगडाशिवाय तिथे काय सापडतं ते मला विचारायला हवं होतं.

काही भांडणं जिंकले. नायक खांबावर उडत जाणार होता, मी त्याला पाय टेकवत चढायला लावलं. तारेला हात लावायच्या आधी, उरलीसुरली वीज जमिनीत उतरावी म्हणून, अर्थिंगची साखळी टाकायला लावली. "अंगात वीज असलेल्याला साखळी कशाला?" असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "सवय असते. चांगला वायरमन सवय सोडत नाही." दिग्दर्शक माझ्या बाजूने उभा राहिला. तो पोरगा माझ्या शब्दाला मान द्यायचा, हे मला इथे लिहायलाच हवं.

आता परत त्या एसी हॉलमध्ये येते. हातमोज्यांचं मिटल्यावर वेशभूषेच्या बाईंनी कापडाच्या तुकड्यांचा गठ्ठा काढला आणि पत्त्यांसारखा टेबलावर पसरला. निर्माते पुढे सरकले. एकेक तुकडा बोटाने बाजूला करत गेले.

"भगवा नको, एका पक्षाचा होतो. हिरवा नको, तो दुसऱ्यांचा. पांढरा नको, पुढारी वाटंल. काळा दाखवला तर मोर्चा वाटतो. लाल नको, युनियनवाला वाटंल." मग निळा आला. "अन् निळा तर नकोच. उगं वाद. आपल्याला सगळ्यायचा हिरो करायचाय."

पुन्हा तेच. माणूस वेगळा, हॉल वेगळा, शब्द तेच. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. वेशभूषेच्या बाईंनी पाहिलं. कुणीही मला अडवलं नव्हतं. आणि मी, जिने नुकतंच तासभर मोज्यांसाठी रान उठवलं होतं, मूग गिळून बसले. मी चहा ओतून घेतला. मग म्हणाले, "पक्कड पट्ट्याच्या उजव्या बाजूला पाहिजे. चित्रात डावीकडे आहे."

पक्कड उजवीकडे गेली.

शेवटी उरला जांभळा. निर्मात्यांनी तो तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "हा कुणाचाच न्हाई," ते खूश होऊन म्हणाले. खरंच कुणाचाच नव्हता. जांभळी दस्ती मी उभ्या जन्मात पाहिली नाही. नांदेडच्या बाजारात नाही, लातूरच्या नाही, कुठल्या जत्रेत नाही. येताना एसटीत मी इतकी चिडले होते की शेजारच्या बाई सरकून बसल्या. डाळमिलवाल्याला शिव्या दिल्या, मुंबईच्या बाईंना दिल्या, दिग्दर्शकाला दिल्या की मेल्या, तुला तरी बोलायला काय झालं होतं?

तरी वेळ गेली नव्हती. पंधरा दिवसांनी चाकूरच्या अलीकडे, माळावर खांब रोवून चढण्याची तालीम होती. मला बोलावलं होतं पाय कसे टेकवायचे ते दाखवायला. वडील आजारी नसते तर तेच आले असते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि गुडघेही धरले होते. दुपारी तालीम थांबली, तेव्हा दिग्दर्शक दोन कप चहा घेऊन माझ्याजवळ आला. आम्ही दोघंच. खांबाची जेमतेम वीतभर सावली, त्यात दोघं उभे.

तो म्हणाला, "मॅडम, कापड अजून यायचंय. मला तो जांभळा काही पटत नाही. तुम्ही काढत होता तेव्हा तुमच्या मनात कोणता रंग होता? तुम्ही सांगाल तो मी करतो. प्रोड्युसर सरांशी मी भांडीन."

यापेक्षा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारू शकत नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. माझं आडनाव त्याला ठाऊक होतं. नांदेडच्या आमच्या घरी तो येऊन गेला होता, समोरच्या भिंतीवर कुणाचा फोटो आहे ते त्याने पाहिलं होतं, त्या फोटोखाली बसून त्याने पोहे खाल्ले होते. मग हा मला विचारतो कशाला? याला कळत नाही? प्रत्येक वेळी आम्हीच तोंड उघडून सांगायचं, आणि मग आम्हीच रंग आणला म्हणून ऐकून घ्यायचं? मला त्याक्षणी त्याचा इतका संताप आला की बस. त्याला न सांगता कळायला हवं होतं.

मी म्हणाले, "मी काळ्या-पांढऱ्यातच विचार करते. रंग काही महत्त्वाचा नाही."

त्याला आणखी काही म्हणायचं होतं असं मला वाटलं. मग "बरं मॅडम," म्हणाला आणि कप घेऊन गेला. "बरं सर" म्हणणारी मी आठवतेय ना तुम्हाला? तसंच.

शूटिंग झालं. जांभळ्या दस्तीतला नायक खांबावर चढताना मी दोन दिवस पाहिला. पाय झकास टेकवत होता. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. साखळी, पट्टा, पक्कड. रंगाचं सांगितलं नाही. सांगू, सांगू म्हणत महिने गेले. मनात कुठेतरी वाटत होतं की संगणकावर रंग बदलता येतो म्हणतात, कदाचित बदलतील. कुणी सांगितल्याशिवाय कुणी कशाला बदलेल?

मग ट्रेलर आला. भावाच्या पोराने मोबाईलवर लावून वडिलांच्या हातात दिला. सगळा अंधारातला ट्रेलर, विजांचे लखलखाट. वडिलांनी मोबाईल नाकापर्यंत नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"निळीच दिसून राहिली," ते म्हणाले.

मी समोर बसले होते. मी नुसतं "हं" केलं.

चार वर्षं आम्ही त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणत होतो. आता काय बघायचं राहिलंय, असं म्हणून टाळायचे. ट्रेलर बघितल्यावर स्वतःहून म्हणाले, "डॉक्टरकडं चला. शिनेमा नीट दिसला पायजे." दोन्ही डोळ्यांचं केलं, महिन्याच्या अंतराने. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी तिथे होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकीतून आभाळाकडे बघितलं, मग खांद्यावरची दस्ती ओढून डोळ्यांसमोर धरली. "अगं माय," ते म्हणाले, "हा रंग असा हाय व्हय? मी तर याला मळका समजून राहिलो व्हतो इतके दिस." आणि लहान मुलासारखे हसायला लागले. मी औषधाची चिठ्ठी वाचायला घेतली. तीच ओळ चार वेळा वाचली.

सांगायला ती शेवटची जागा होती. तीही मी गाळली.

सिनेमा लागला त्या शनिवारी दुपारचा खेळ बघायला आम्ही नांदेडच्या थिएटरात गेलो. मी, वडील, भाऊ, वहिनी आणि पोरं. वडिलांनी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खांद्यावर नवी कोरी निळी दस्ती, घडी न मोडलेली. थिएटरच्या दारात कंपनीची पोरं सगळ्यांना जांभळ्या दस्त्या फुकट वाटत होती. वडिलांच्याही हातात एक दिली. त्यांनी ती घेतली, बघितली, काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं असेल, जाहिरातीची असंल काहीतरी.

खांबवाला पडद्यावर पहिल्यांदा आला तो भर उन्हात. चाकूरचा तोच माळ. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, कागद उडवले. तो वळला आणि कॅमेरा तोंडाजवळ गेला. सगळा पडदा भरून जांभळी दस्ती. मी पडद्याकडे बघितलं नाही, वडिलांकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. डोळे पूर्ण उघडे ठेवून, मान जरा पुढे करून बघत होते. मग माझ्याकडे झुकले.

"कोणचा रंग हाय हा?"

"जांभळा."

"हां," ते म्हणाले आणि परत मागे टेकले.

पुढचे दोन तास ते एकदाच बोलले. नायक मोजे चढवत होता तेव्हा. "मोजे बरोबर हायेत," ते म्हणाले. मग साखळी टाकली तेव्हा नुसती मान हलवली.

बाहेर आलो. भाऊ, वहिनी, पोरं गाडीवर पुढे निघाली. मी आणि वडील रिक्षाची वाट बघत फुटपाथवर थांबलो. आजूबाजूला पोरांच्या तोंडावर जांभळ्या दस्त्या. मला राहवेना. मी सुरू झाले. निर्माता कसा डाळीसारखे रंग पाखडत बसला होता, मुंबईच्या बाई कशा होत्या, सगळ्यांचा हिरो, सगळ्यांचा हिरो करत कसे सगळ्यांनी आपलं खोडून टाकलं, संपादकांपासून सगळ्यांनी. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. दिवाळी अंकाच्या चित्राचंही सांगून टाकलं. आवाज चढला होता. पानवाला बघायला लागला.

वडील ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तू मनली व्हतीस का त्यायला, निळी पायजे म्हनून?"

"अहो बाबा, ते निर्माते काय म्हणाले माहितीय का, निळा तर नकोच म्हणून..."

"ते न्हाई इचारलं. तू मनली व्हतीस का?"

मी पिशवीत रिक्षासाठी सुटे पैसे शोधायला लागले.

"त्या पोरानं तरी इचारलं अस्संल की. तो घरी आला व्हता, चांगला वाटला."

"विचारलं होतं."

"मंग?"

"नाही सांगितलं."

"मोज्याचं सांगितलं?"

"हाव."

"साखळीचं?"

"हाव."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. ते रस्त्याकडे बघत होते, त्या नव्या डोळ्यांनी. समोरून जाणारी माणसं, पाट्या, साड्या, सगळं नीट बघत होते.

"मी तालुक्यातल्या समद्या खांबांवर हीच बांधून चढलो," ते म्हणाले. "कोनी कोनी पाणी वरून दिलं. पण मला कोनी इचारलं तर मी कवा लपवली न्हाई."

रिक्षा आली. मी त्यांना हात द्यायला गेले. त्यांनी खिशातून ती थिएटरात मिळालेली जांभळी दस्ती काढली, दोन्ही हातांनी नीट चौकोनी घडी केली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुपली हाय," ते म्हणाले, आणि खांद्यावरची निळी सावरून रिक्षात चढले.